अंगावर पिणारं बाळ दूध टाकतं तेव्हा

दीड-दोन महिन्यांचं बाळ. पाजून खांद्यावर घेतलं की पाच-दहा मिनिटांत पदर ओला. सासूबाई म्हणतात, तुझं दूध जड आहे. आई म्हणते, तिखट बंद कर. शेजारच्या काकू गुटीचा डबा घेऊन येतात आणि औषधाच्या दुकानातून कुणीतरी उलटीचे थेंब आणून ठेवतं. बाळंतीण मात्र रात्री दोन वाजता बाळाकडे बघत विचार करत असते की, प्यायलेलं सगळंच बाहेर पडलं तर याच्या अंगी लागणार काय?

कोल्हापूर शहरातून, कागल-गडहिंग्लजकडून आणि थेट चंदगडच्या वाड्यांवरून हाच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. म्हणून आज फक्त याच विषयावर सविस्तर लिहिते आहे. बहुतेकांसाठी उत्तर दिलासा देणारं आहे. थोड्या बाळांसाठी मात्र ते फार घाईचं आहे. हे दोन गट ओळखायला शिकणं हेच तुमचं काम.

आधी ठरवा: गुळणी, उलटी की पिचकारी?

घरात या तिन्हींना आपण "बाळ ओकलं" असंच म्हणतो. डॉक्टरांना फोनवर सांगताना मात्र नेमका शब्द वापरा.

- गुळणी: दूध तोंडाच्या कडेनं ओघळतं. ढेकरेबरोबर येतं किंवा कूस बदलताना येतं. बाळाला त्याचं काही वाटत नाही, ते हसत किंवा झोपलेलंच असतं. या लेखाचा मोठा भाग गुळणीबद्दल आहे.
- उलटी: पोट आवळतं, बाळ कळवळतं, जोर करतं आणि मग दूध येतं. एखादवेळी होऊ शकते. पुन्हा पुन्हा झाली तर दाखवायला हवं.
- पिचकारी: दूध लांब उडतं, समोरच्या भिंतीवर किंवा बाळापासून हातभर अंतरावर पडतं. नाकातून थोडं दूध येणं म्हणजे पिचकारी नव्हे. गुळणी मोठी असली की ती नाकातूनही येते.

दूध फाटून, दह्याच्या कवड्यांसारखं आंबूस वासाचं आलं की घरात घबराट होते. पोटातल्या आम्लामुळे दूध फाटतंच, ते पचनाचंच काम आहे. प्यायल्या प्यायल्या आलेलं दूध पातळ आणि तासाभरानं आलेलं फाटलेलं, एवढाच फरक.

दूध वर का येतं?

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथला स्नायूंचा झडपेसारखा भाग लहान बाळात वरचेवर सैल पडतो. त्यात खाणं सगळं पातळ, अन्ननलिका आखूड आणि दिवसाचा बहुतेक वेळ आडवं पडून. दूध वर येणारच. पहिल्या तीन महिन्यांत साधारण निम्मी बाळं दिवसातून एकदा तरी दूध टाकतात. चौथ्या महिन्याच्या आसपास हे प्रमाण सर्वांत जास्त असतं, साधारण तीन बाळांमागे दोन. बाळ बसायला लागलं, घट्ट खायला लागलं की ते उतरत जातं आणि वर्षाच्या आत बहुतेकांचं थांबतं.

म्हणजे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गुळण्या वाढल्या तर तुमचं काही चुकलं असं धरू नका. तो वाढण्याचाच काळ असतो. वेळेआधी जन्मलेल्या बाळांत हे जास्त दिसतं आणि थोडं लांबतंही.

ओल्या पदरावरून दुधाचा अंदाज बांधू नका

घरी एक प्रयोग करा. चहाचा छोटा चमचा भरून, म्हणजे साधारण ५ मिलि पाणी बाळाच्या दुपट्यावर ओता. डाग केवढा पसरतो ते सासूबाईंना, नवऱ्याला, सगळ्यांना दाखवा. "सगळं दूध टाकलं" असं ज्याला म्हणतो, ते बहुतेक वेळा एक-दोन चमचेच असतं.

खरी खूण चार गोष्टींत आहे:

1. वजन. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं. जन्मवजनाच्या दहाव्या भागापर्यंत उतरलं तरी ते भरून येतं. दोन आठवड्यांत ते जन्मवजनावर परत यायला हवं. त्यानंतर पहिले तीन महिने दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम, महिन्याला निदान ५०० ग्रॅम वाढ दिसली पाहिजे. पाचव्या महिन्याच्या सुमारास जन्मवजनाची दुप्पट होते.
2. शू. पहिला आठवडा संपत आला की २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा, फिकट रंगाची.
3. बाळाचा नूर. जागं असताना डोळे लावून बघतं, हातपाय मारतं, पुढच्या वेळेला ओढून पितं.
4. रंग. टाकलेलं पांढरं किंवा दह्यासारखं असतं. पहिल्या दोन-चार दिवसांत चिकामुळे ते पिवळसर असू शकतं.

या चारही गोष्टी ठीक असतील तर बाळाला उपचाराची गरज नाही. गरज आहे ती खांद्यावर टाकायच्या सुती फडक्यांची.

वजन करताना काटा एकच असू द्या आणि बाळाला उघडं करून तोला. दवाखान्यातला काटा वेगळा, अंगणवाडीतला वेगळा, एकदा झबल्यासकट आणि एकदा लंगोटावर, अशा तुलनेतून निष्कारण काळजी लागते. आशाताई प्रसूतीनंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यायला हव्यात. पुढे तिसऱ्या महिन्यापासून दर तीन महिन्यांनी पंधराव्या महिन्यापर्यंत त्यांच्या भेटी असतात. त्यांच्याकडे काटा असतो. वजन करून घ्या आणि माता-बाल संरक्षण कार्डावरच्या वाढीच्या आलेखावर ठिपका मांडून घ्या. लसीसाठी ६, १० आणि १४ आठवड्यांना जाल तेव्हाही वजन झाल्याशिवाय परत येऊ नका. नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याची ही पद्धत महाराष्ट्रातच, गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या कामातून उभी राहिली. ती आपल्याच दारात येते तेव्हा "वजन नको ताई, नजर लागते" म्हणून तिला परत पाठवू नका.

पाजताना आणि पाजल्यावर

- बाळाचं डोकं पोटापेक्षा वर राहील असं धरा. पूर्ण आडवं पडून पाजायची सवय असेल तर दिवसा तरी बसून पाजा.
- फक्त बोंड नव्हे, भोवतीचा काळा भागही बाळाच्या तोंडात गेला पाहिजे. पिताना चुटुक-चुटुक आवाज येत असेल तर पकड सुटते आहे आणि हवा जाते आहे. करंगळी ओठाच्या कोपऱ्यातून घालून सोडवा आणि पुन्हा लावा.
- फार भुकेजून रडेपर्यंत थांबू नका. रडत रडत पिणारं बाळ हवा गिळतं आणि घाईनं पितं.
- पान्हा जोरात सुटून बाळाला ठसका लागत असेल तर स्वतः मागे रेलून बसा आणि बाळाला अंगावर पालथं घेऊन पाजा. पहिली धार फडक्यात जाऊ दिली तरी चालेल.
- बाजू बदलताना आणि पिऊन झाल्यावर उभं धरा. ढेकरेसाठी पाठीवरून हात फिरवा, थोपटा, धपाटे नकोत. अंगावर पिणाऱ्या प्रत्येक बाळाला प्रत्येक वेळी ढेकर येतोच असं नाही. पाच मिनिटांत आला नाही तर सोडून द्या.
- पाजल्यावर २० ते ३० मिनिटं खांद्यावर किंवा छातीशी उभं धरा. आजी-आजोबांना हे काम आनंदानं द्या. खुर्चीत किंवा गाडीच्या सीटमध्ये दुमडून बसवणं म्हणजे उभं धरणं नव्हे. त्यानं पोट दाबलं जातं आणि दूध उलट जास्त येतं.
- लंगोट पाजायच्या आधी बदला. पाजल्याबरोबर पाय वर उचलून पुसायला घेतलं की दूध आलंच. बदलणं भागच असेल तर कुशीवर वळवून बदला.
- करदोटा आणि लंगोटाची नाडी पोटावर रुतत नाही ना, हे रोज बघा.

प्रत्येक रडण्याला "भूक लागली" म्हणत पाजायला लावणं हेही काही घरांत गुळण्यांचं कारण असतं. बाळ शी-शू, उकाडा, झोप यासाठीही रडतं. मात्र याचा अर्थ घड्याळ लावून दर तीन तासांनी पाजा असाही नाही. बाळ मागेल तेव्हाच पाजा, फक्त ते खरंच मागतं आहे का हे बघा. हात तोंडाशी नेणं, चुटचुट करणं, मान वळवून शोधणं या मागण्याच्या खुणा आहेत.

आंघोळ घालायला येणाऱ्या मावशींशी बोलणं जरा अवघड जातं, हे मला ठाऊक आहे. तरी बोला. पाजून निदान तासभर झाल्याशिवाय तेल लावू नका, पोटावर जोर देऊ नका, पायाला धरून उलटं करू नका, तोंडात बोटं घालून "कफ काढू" नका. यातली प्रत्येक गोष्ट बाळाला ओकायला लावते आणि शेवटच्या दोन धोक्याच्या आहेत. आंघोळीनंतरची शेगडी आणि धुरी यांचाही बाळाच्या श्वासाला त्रास होतो. खोली उबदार ठेवायची तर दार लोटा, धूर नको.

जे घरोघरी चालतं आणि थांबायला हवं

गुळण्यांनी बाळांचं नुकसान क्वचित होतं. त्या थांबवण्यासाठी जे केलं जातं, त्यानं जास्त होतं. म्हणून हा भाग सावकाश वाचा आणि घरात मोठ्यानं वाचून दाखवा.

डब्याचं दूध सुरू करणं. "आईचं दूध पचत नाही, डबा द्या" हा सल्ला सर्वांत महाग पडतो. आईचं दूध पोटातून डब्याच्या किंवा वरच्या दुधापेक्षा लवकर पुढे सरकतं. बाटलीतून दूध भरभर येतं, पोट गरजेपेक्षा जास्त भरतं आणि गुळण्या वाढतातच. इकडे अंगावर पिणं कमी झालं की दूध बनणंही कमी होतं. माझ्या पहिल्या बाळाच्या वेळी मी हेच केलं. दुसऱ्या महिन्यात डबा आला, दूध टाकणं तसंच चालू राहिलं आणि चौथ्या महिन्यापर्यंत माझं दूध आटलं. आज सांगते ते त्या पश्चात्तापातून सांगते. अंगावर पिणाऱ्या बाळाला दूध "घट्ट" करायला तांदळाची पेज, रव्याची लापशी, बिस्किटाचं पाणी हेही देऊ नका. सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको.

गुटी. सहाणेवर वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, जायफळ, बाळहिरडा उगाळायची आपली जुनी चाल आहे आणि ती देणाऱ्या आजीचा हेतू मायेचाच असतो. पण गुटीत किती काय गेलं याचं माप नसतं. सहाण, पाणी, बोट यांतून जंतू जातात. जायफळानं बाळ सुस्तावतं आणि नीट पीत नाही. वेखंड जास्त झालं तर उलट्या होतात. उलटी थांबवायला दिलेली वस्तूच उलटी करवते. आजीला सहाण आवडत असेल तर तिच्यावर आईसाठी सुंठ उगाळा.

मध. वर्ष पूर्ण होईपर्यंत चाटवायचाही नाही. मधात असणाऱ्या एका जंतूच्या बीजाणूंमुळे लहान बाळाचे स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो.

ग्राइप वॉटर, ओव्याचा अर्क. गुळण्यांवर उपयोग नाही. पोटातली दुधाची जागा मात्र व्यापतात.

दुकानातून आणलेले उलटीचे थेंब. डॉमपेरिडोनचे थेंब आपल्याकडे सर्दीच्या औषधाइतक्या सहज मागून आणले जातात. हृदयाच्या ठोक्यांवर होणाऱ्या परिणामांमुळे युरोपच्या औषध नियामक संस्थेनं २०१४ मध्ये या औषधावर बंधनं घातली. नुसत्या गुळण्या टाकणाऱ्या, अंगानं भरणाऱ्या बाळाला हे थेंब लागत नाहीत आणि आम्ल कमी करणारी औषधंही लागत नाहीत. शेजारच्या बाळाची चिठ्ठी वापरणं तर नकोच. डॉक्टरांनी तपासून औषध दिलं तर "हे कशासाठी, किती दिवस, नाही दिलं तर काय?" हे तीन प्रश्न विचारा. विचारणं हा तुमचा हक्क आहे.

दृष्ट काढणं. मनाला समाधान मिळत असेल तर काढा. पण जळत्या मिरच्यांचा धूर बाळाच्या खोलीत नको. आणि दृष्ट काढली म्हणून वजन करायचं टाळू नका.

मिश्री. याबद्दल स्पष्ट बोललं जात नाही. निपाणीचा तंबाखूपट्टा आपल्या शेजारीच आहे आणि सीमाभागातल्या, खेड्यापाड्यांतल्या कितीतरी बायका रोज सकाळी मिश्री लावतात. तंबाखूतलं निकोटिन आईच्या दुधात उतरतं, बाळाला चिडचिडं करतं आणि जठरावरचा तो झडपेसारखा भाग आणखी सैल पाडतं. बाळासमोर ओढलेली विडी-सिगारेटही त्रासाचीच. मिश्री सुटत नसेल तरी अंगावर पाजणं बंद करू नका. कमी करत चला, आणि लावायचीच झाली तर पाजून झाल्यावर लावा, पाजायच्या आधी नको. आशाताईंना सांगायला लाजू नका.

आईनं काय खायचं बंद करायचं?

बहुतेकींनी काहीच नाही. तांबडा रस्सा खाल्ला म्हणून बाळ दूध टाकत नाही. मिरचीचा तिखटपणा दुधातून बाळाच्या पोटात आग लावत नाही. कांदा-लसूण चटणी बंद, वांगं बंद, केळं बंद, दही बंद, असं करत करत बाळंतिणीला भात-तुपावर आणून ठेवणाऱ्या घरांत आईच अशक्त होते. तुम्हाला स्वतःला तिखटानं जळजळ होत असेल तर तुमच्यासाठी कमी करा.

अपवाद एकच, आणि दुधाच्या या गावात तो पचायला जड आहे. गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध पिऊन वाढलेल्या घरात "आईनं दूध बंद करावं" हे वाक्य कुणाला पटत नाही. पण थोड्या बाळांना गाई-म्हशीच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असते आणि ती प्रथिनं आईच्या दुधातून थोडी उतरतात. अशा बाळात नुसती गुळणी नसते. शीमध्ये रक्ताचे किंवा शेंबडासारखे धागे, अंगावर खरजेसारखं पुरळ, सतत कळवळणं, वजन न वाढणं यांपैकी काहीतरी सोबत असतं. तसं असेल तर डॉक्टर आईला दोन ते चार आठवडे दूध, दही, ताक, तूप, पनीर, खवा बंद करायला सांगतात आणि मग पुन्हा सुरू करून पाहतात. फरक पडला तरच पथ्य पुढे चालवायचं. हे स्वतःच्या मनानं करू नका, आणि अशा बाळालाही अंगावर पाजणं चालूच ठेवायचं असतं.

झोपवायचं कसं?

पाठीवर. दूध टाकणाऱ्या बाळालाही पाठीवरच. "घशात अडकेल" या भीतीनं पालथं झोपवणारी घरं बरीच आहेत, पण पाठीवर असताना श्वासनलिका अन्ननलिकेच्या वरच्या बाजूला राहते, म्हणून आलेलं दूध तिच्यात सहसा उतरत नाही. पालथं झोपवल्यानं झोपेत अचानक मृत्यू होण्याचा धोका वाढतो. मोहरीची उशी, डोक्याखाली दुपट्याची घडी, गादीला उतार यांतलं काहीच नको. साडीच्या झोळीत मान दुमडते, हनुवटी छातीला टेकते. दूध प्यायलेल्या लहान बाळाला तिच्यात ठेवून कामाला जाऊ नका. सपाट, थोडं कडक अंथरूण सर्वांत चांगलं.

नाकातोंडातून एकदम दूध आलं तर

घाबरून उलटं टांगू नका, तोंडात फुंकू नका. बाळाला कुशीवर वळवा, तोंड पुसा, खोकू द्या. बाळ खोकतंय किंवा रडतंय म्हणजे हवा जाते आहे.

आवाज निघत नसेल, ओठ निळे पडत असतील तर बाळाला स्वतःच्या हातावर पालथं घ्या, डोकं खाली ठेवा आणि दोन्ही फऱ्यांच्या मध्ये तळव्यानं पाच थापा मारा. नाही सुटलं तर सुलटं करून छातीच्या मधोमध, स्तनाग्रांच्या रेषेच्या किंचित खाली, दोन बोटांनी पाच वेळा दाबा. आळीपाळीनं करत राहा. दुसऱ्यानं तोपर्यंत १०८ ला फोन करावा. घरातल्या दोघांनी तरी हे आशाताईंकडून किंवा लसीकरणाच्या सिस्टरकडून बाहुलीवर करून शिकून घ्यावं.

केव्हा निघायचं?

त्याच तासाला निघा:

- हिरवी उलटी. मेथीच्या भाजीच्या पाण्यासारखी, पोपटी किंवा गडद हिरवी. हा पित्ताचा रंग आहे आणि आतडं कुठेतरी बंद झाल्याची ती खूण असू शकते. काही बाळांत आतड्याची जडणघडण जन्मतः वेगळी असते, ते पिळतं आणि रक्तपुरवठा तुटतो. बरीचशी अशी बाळं पहिल्या महिन्यातली असतात. आतडं वाचवायला हातात तास असतात, दिवस नव्हे. एकदाच झाली, नंतर बाळ शांत झोपलं, तरीही निघा. तो कपडा धुऊ नका, सोबत न्या किंवा उजेडात फोटो काढा. डॉक्टर बघेपर्यंत काही पाजू नका.
- उलटीत लाल रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट. आईच्या बोंडाला चीर असेल तर ते रक्त आईचंही असू शकतं. आधी बोंड तपासा आणि डॉक्टरांना सांगा, पण ठरवू द्या त्यांना.
- पोट टम्म, कडक, हात लावला की कळवळणं.
- थांबून थांबून किंचाळणं, पाय पोटाशी घेणं, मधल्या वेळात मलूल पडणं, आणि रक्त-शेंबूड मिसळलेली लाल शी. पाच-दहा महिन्यांच्या बाळात आतडं आतड्यात शिरल्यानं असं होतं.
- तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप. ताप नसला तरी बाळ पीत नाही, उठवलं तरी उठत नाही.
- टाळू फुगलेली, झटके, श्वास धपापणं, ओठ निळे.

त्याच दिवशी दाखवा:

- प्रत्येक पाजण्यानंतर पिचकारी, आणि लगेच पुन्हा भुकेनं कासावीस. दोन ते आठ आठवड्यांच्या बाळात जठराच्या तोंडाचा स्नायू जाड होऊन दूध पुढे जात नाही, त्याचं हे चित्र. मुलींपेक्षा मुलांत साधारण चौपट दिसतं. निदान सोनोग्राफीनं होतं. आधी सलाइननं शरीरातलं पाणी आणि क्षार भरून काढतात, मग छोटी शस्त्रक्रिया करतात. त्यानंतर बाळ लवकरच अंगावर पिऊ लागतं.
- आठ तासांत शू नाही, टाळू खोल गेलेली, तोंड कोरडं, डोळ्यांत पाणी नाही.
- उलट्यांबरोबर जुलाब. अंगावर पाजणं चालू ठेवा आणि क्षारसंजीवनी किती द्यायची ते दवाखान्यात विचारा.

या आठवड्यात दाखवा:

- वजन थांबलं किंवा उतरलं.
- सहा महिन्यांनंतर पहिल्यांदाच उलट्या सुरू झाल्या, किंवा वर्षानंतरही चालू आहेत.
- पिताना कमान करून रडणं, पिणं टाकणं, वारंवार खोकला किंवा न्यूमोनिया.

कोल्हापुरात कुठे, आणि तुमचे हक्क

शहरात आपण ज्याला थोरला दवाखाना म्हणतो त्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे सीपीआरमध्ये, बालरोग आणि शस्त्रक्रिया असे दोन्ही विभाग आहेत. ते राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. इचलकरंजीला इंदिरा गांधी सामान्य रुग्णालय, गडहिंग्लजला उपजिल्हा रुग्णालय. हिरवी उलटी असेल तर गावातल्या दवाखान्यात "बघू सकाळपर्यंत" असं थांबू नका. शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा ठिकाणी पाठवा म्हणून चिठ्ठी मागा.

पावसाळ्यात वेगळा विचार करा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद होता. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. नदीकाठच्या गावांत, गगनबावडा-शाहूवाडीकडे लहान बाळ असेल आणि पाणी चढत असेल तर संशयाच्या लक्षणाला रात्र होण्याआधीच बाहेर पडा.

- मोफत उपचार: जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला औषधं, तपासण्या आणि जाण्या-येण्याची सोय मोफत आहे. "बाहेरून औषध आणा" असं कुणी सांगितलं तर या कार्यक्रमाचं नाव घेऊन विचारा.
- शस्त्रक्रिया: महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बालशस्त्रक्रियांचा समावेश आहे. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा. रेशनकार्ड जवळ ठेवा.
- डब्याची जाहिरात: १९९२ चा, २००३ मध्ये दुरुस्त झालेला कायदा बाळाच्या डब्याच्या दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात, मोफत नमुने, भेटी यांना बंदी घालतो. दवाखान्यात कुणी फुकट डबा हातात ठेवला तर तो नाकारा.
- नोकरी: शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीत किंवा कुठेही कामावर परतणाऱ्या आईला बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी मिळायला हवी. पन्नास किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर असणं बंधनकारक आहे. पाळणाघराची मागणी लेखी करा. बाळ अंगावर पीत राहिलं तर बाटलीनं वाढणाऱ्या गुळण्यांचा प्रश्नही टळतो.

आज दोनच कामं करा. बाळाचं कार्ड काढून शेवटचं वजन कधी झालं ते बघा, आणि महिना उलटून गेला असेल तर उद्या अंगणवाडीत जाऊन वजन करून या. दुसरं, १०८ हा क्रमांक आणि "हिरवी उलटी, लगेच दवाखाना" एवढे चार शब्द कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पाळण्याजवळच्या भिंतीला चिकटवा, म्हणजे तुम्ही झोपलेल्या असाल तेव्हा बाळ ज्यांच्या मांडीवर असेल त्यांनाही ते दिसेल.